नकोशेठ

गिऱ्हाईक दुकानात शिरून काय हवं ते सांगायला लागलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘नको’ म्हणणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. मुरुडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. नाव मुश्ताकभाई, पण ते फक्त बिलावर. बाजारात सगळे त्यांना नकोशेठ म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. ‘नवा मॉनिटर हवाय,’ म्हणून कोणी आलं तर ‘नको. वायर सैल झाली असेल, आधी ती बघतो.’ ‘पोरीसाठी मोठा लॅपटॉप,’ म्हणालं तर ‘नको. ती काय रॉकेट उडवणार हाय काय? टायपिंगच करणार ना?’ आलेला माणूस कधी कधी चिडायचा. मी पैसे देतोय, तुम्हाला विकायला काय होतं, असं तोंडावर विचारायचा. तोवर नकोशेठ त्याच्या जुन्या मशीनचे स्क्रू सोडवायला लागलेले असत.

दुकानात ते बसत नसत. खुर्ची होती, पण तिच्यावर कायम कुणाचा तरी उघडा सीपीयू ठेवलेला असे. उभ्या उभ्या काम, उभ्या उभ्या जेवण, आणि चहाचा कप तर अर्धा पिऊन कुठंतरी ठेवून ते विसरायचे. संध्याकाळी दुकान झाडताना त्यांना असे कप कपाटावर, प्रिंटरवर, खिडकीत सापडत. उभे असताना एक पाय हलत असे. बोलताना स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरत असे. एका जागी दहा मिनिटं गेली की त्यांना दुसरीकडलं काम आठवायचं. मग हेल्मेट चढवायचं, दुकानाला अर्धं शटर ओढायचं आणि निघायचं. काशीद, नांदगाव, कोर्लई, रेवदंडा, जिथून फोन येईल तिथं. घरोघर जाऊन ते मशीन बघत, आणि बहुतेक घरात हेल्मेट न काढताच काम उरकत. काच वर करून त्या चौकटीतून आपल्याशी बोलत. माझ्या आईला पहिल्या दिवशी वाटलं, हा माणूस रागावलाय.

आमचं घर रेवदंड्याला, नारळाच्या वाडीत. समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो. मी न्हावा शेवाकडच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीची कागदपत्रं घरी बसून तयार करते, त्यामुळे घरात कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरमुळे मुश्ताकभाई आले. तो चालू होता होता बंद पडायचा. मी नव्याची तयारी करून बसले होते. त्यांनी झाकण उघडलं, आतली मेमरीची पट्टी काढली, खिशातला शाळेतल्या पोरांचा खोडरबर काढून तिच्या पितळी दातांवर घासला, फुंकर मारली आणि परत बसवली. मशीन चालू झालं.

‘काय झालं होतं?’ मी विचारलं.

‘काय न्हाय ताई. समुद्र लागलाय त्याला. खारी हवा. आपल्याला लागते तशी त्याला पण लागते.’

तेवढ्यात किल्ली फिरायला लागली आणि ते फाटकाबाहेर गेलेसुद्धा.

या ‘नको’च्या मागे एक गोष्ट होती. ती त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, कारण सलग सांगण्याइतका वेळ ते कधी थांबले नाहीत. तरुणपणी ते दुबईला एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होते. त्या काळी मशीनमध्ये मुख्य प्रोसेसरशेजारी एक रिकामं चौकोनी घर असायचं. त्यात जोडीचा प्रोसेसर बसायचा. त्याला कोप्रोसेसर म्हणत. मोठमोठी गणितं असली की मुख्य प्रोसेसर ती त्याच्याकडे ढकलायचा. नकाशे काढणारे, इमारतींचं गणित करणारे यांना त्याचा फार उपयोग. घरी चार पत्रं टाइप करणाऱ्याला काडीचा नाही, कारण त्याच्या कामात ते गणित येतच नाही आणि जोडीदार नुसता बसून राहतो. पण दुकानाचा मालक गिऱ्हाइकाला झाकण उघडून ते रिकामं घर दाखवायचा आणि म्हणायचा, तुमचं मशीन अर्धंच आहे.

‘माणसाला रिकामं घर बघवत न्हाय, ताई,’ मुश्ताकभाई म्हणायचे. ‘लगेच भरायला बघतो. आमच्याच किनाऱ्यावरचा एक डायवर होता, गाडी चालवायचा तिकडे. मुलीला टायपिंग शिकवायला कॉम्प्युटर घेतला. मालकानं त्याला तो चिप पण दिला. आठवड्यानं परत आला आणि मला विचारतो, मुश्ताक, हे आत काय करतंय रे? आता मी त्याला काय सांगू? काय करत न्हाय, झोपलंय, असं सांगू?’

त्या ड्रायव्हरला त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. गोष्ट तिथं आली की ते निघायचे. पण गावी येऊन दुकान टाकलं तेव्हापासून, घरच्या माणसाला जोडीचं काही विकायचं नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. काळ बदलला, ते गणित मुख्य प्रोसेसरच करायला लागला, रिकामं घर गेलं. मग चित्रांच्या कामासाठी जोडीची वेगळी कार्डं आली, त्यांना ग्राफिक कार्ड म्हणायला लागले. मुश्ताकभाईंच्या लेखी माल तोच होता. ‘नाव बदललं म्हणून काय झालं? गेम खेळणाऱ्याला द्या, पिक्चर बनवणाऱ्याला द्या. घरच्याला नको.’

आता अण्णांचं सांगते. माझे वडील अण्णा एसटीत कंडक्टर होते. जन्म सगळा मुरुडच्या गाड्यांवर गेला. बोलणं हा त्यांचा व्यवसायच होता म्हणा ना. कुणाची मुलगी कुठं दिली, कुणाचा मुलगा कुवेतहून कधी येणार, कुणाच्या होडीला या मोसमात काय लागलं, हे त्यांना तिकीट फाडता फाडता कळायचं. निवृत्त झाल्यावर त्यांचे कान जायला लागले. आधी लांबचं ऐकू येईना, मग जवळचं. कानाचं यंत्र आणलं, तर त्यातून नुसता कल्लोळ ऐकू येई. डॉक्टर म्हणाले, आतली शीरच निकामी झाली आहे, आवाज मोठा करून उपयोग नाही.

पहिलं वर्षभर आई ओरडून बोलत होती. मग तिचा घसा दुखायला लागला. मग ती खुणा करायला लागली, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती त्यांच्याशी बोलतच नाही. ताट ठेवते, पाणी ठेवते, निघून जाते. अण्णा ओटीवरून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून वाडीत, वाडीतून परत ओटीवर अशा चकरा मारत. आम्ही दोघी बोलताना दिसलो की येऊन उभे राहत आणि आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत. ‘काय? काय म्हणते?’ मी कागदावर लिहून दाखवायची. पण ‘शेजारच्या मांजरीनं दूध सांडलं’ हे कोण लिहून दाखवतं? मी ‘काही नाही’ अशी मान हलवायची. ते परत चालायला लागायचे. मला कामात लक्ष लागायचं नाही. त्यांच्या चपलांचा आवाज दिवसभर घरात फिरत असायचा.

बोललेलं लिहून दाखवणारी सोय फोनमध्ये होती, पण ती नेटवर चालायची आणि आमच्या वाडीत नेट म्हणजे पाहुणा. शिवाय फोनवरची बारीक अक्षरं अण्णांना दिसत नसत, आणि मोठी केली तर दोनचारच शब्द मावत. मग मला कळलं की हेच काम घरच्या कॉम्प्युटरवर, नेटशिवाय, करणारे प्रोग्राम फुकट मिळतात. माइक जोडून त्यातला छोटा प्रोग्राम चालवून पाहिला. आई म्हणाली ‘भात लावलाय,’ त्यानं लिहिलं ‘बात लावला आहे बाबा.’ मोठा प्रोग्राम घातला. त्याचं मराठी चांगलं होतं, पण तो इतका जड की आमचं मशीन धापा टाकायचं. आपण बोललो, गप्प झालो, दुसऱ्या विषयाला लागलो की मग कुठं पहिलं वाक्य पडद्यावर उमटायचं. ऑफिसमधला एकजण म्हणाला, चांगलं ग्राफिक कार्ड टाक, पळायला लागेल.

मी मुश्ताकभाईंना फोन केला.

‘नको,’ ते म्हणाले.

‘अहो, ऐका तरी. बोललेलं लिहिणारा प्रोग्राम आहे, अण्णांसाठी...’

‘ऐकलं. लिहायचंच काम ना? लिहायला कोप्रोसेसर लागत न्हाय, ताई. मेमरी वाढवून देतो. उगाच खर्चात पडू नका.’

ते आले, मेमरी वाढवली, धूळ काढली, गेले. थोडा फरक पडला. मीही मग कार्डाचा विषय सोडला. अण्णा उशिरा उमटणारी वाक्यं वाचत बसत. इतक्या लोकांना इतकी वर्षं जे सांगत आले ते बरोबरच असणार, असं मला वाटलं.

पुढं एका दुपारी ते प्रिंटर बघायला आले होते. अण्णा पडद्यासमोर त्यांच्या खुर्चीत बसलेले, आई चहा घेऊन आलेली. काम झालं होतं आणि मुश्ताकभाई हेल्मेटच्या चौकटीतून आम्हाला नांदगावच्या एका घराची हकिकत सांगत होते. कॉम्प्युटरला वास येतो म्हणून त्या घरून फोन आला होता. हे स्कूटर मारत गेले. बघतात तर मशीनच्या पाठीमागून गरम हवा येते तिथं म्हातारीनं सुक्या बोंबलांची माळ टांगलेली, पावसात ओल लागू नये म्हणून. वर यांनाच म्हणाली, ‘भावा, बंद नको करू हां, माल अजून सुकायचाय.’

आई पदरात तोंड घालून हसली. मी हसले. ते स्वतः हसले. मग हसणं ओसरलं, आईनं कप उचलले, मुश्ताकभाई दाराकडे वळले. आणि तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. तुटक तुटक, पण कळण्याइतकी: म्हातारी, बोंबील, माल सुकायचाय. अण्णांनी वाचलं आणि मांडीवर थाप मारून खदखदून हसले. एकटेच. हसता हसता त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघी लगेच परत हसलो. ते खोटं होतं हे त्यांना दिसलं. जन्मभर माणसांची तोंडं बघितलेला माणूस तो. त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं आणि ते उगाच चष्मा पुसायला लागले.

मुश्ताकभाई उंबऱ्यात उभे होते. किल्ली फिरत नव्हती.

‘हे रोज असंच होतं?’

‘रोज.’

‘मला बोलला न्हाय तुम्ही.’

‘बोलले होते,’ मी म्हटलं. ‘तुम्ही नको म्हणालात.’

त्यांनी हेल्मेट काढलं. आमच्या घरात पहिल्यांदाच. टक्कल पडायला लागलेलं डोकं घामानं ओलं झालं होतं. ते येऊन अण्णांच्या शेजारी बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. मला म्हणाले, बोला काहीतरी. मी बोलले. अक्षरं येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. त्यांच्यासारख्या माणसाला ती वाट बघणं किती जड गेलं असेल ते मला त्यांच्या पायावरून दिसत होतं.

‘मी चुकलो, ताई,’ ते म्हणाले. ‘असं बघा. प्रोसेसर म्हणजे नारळ सोलणारा एक हुशार माणूस. फटाफट सोलतो, पण एकेक. कोप्रोसेसर म्हणजे हजार पोरं एकदम सोलायला बसवलेली. घरात नारळच चार असले तर हजार पोरांना काय करायचं? म्हणून मी नको म्हणतो. पण हा प्रोग्राम म्हणजे एकेका शब्दाला नारळाचा ट्रक रिकामा करतोय. एकटा माणूस कधी सोलणार?’ ते उठले. ‘मी शब्द ऐकला लिहायचं काम, आणि पत्र टाइप करणं समजलो. विचारलंच न्हाय पुढं.’

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात कसली म्हणून स्वस्थता नव्हती. पनवेलला गेम खेळायचं एक दुकान बंद पडत होतं, तिथून त्यांनी एक वापरलेलं कार्ड उचललं. ते घेऊन आले तर कार्ड लांब आणि आमची पेटी आखूड. करवतीनं आतला एक कप्पा कापून त्यांनी जागा केली. कार्ड बसलं, मशीन चालू झालं, मी तोंड उघडलं आणि सगळं बंद पडलं. कार्ड इतकी वीज खायचं की वीज पुरवणारा जुना डबा कोलमडायचा. तो बदलून आणला. मग तासाभरात कार्ड तापून मशीन झोपी जायचं. मुश्ताकभाई येत, उघडत, हातानं चटका लागतोय का बघत, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत, निघून जात आणि साळावच्या पुलावर पोचल्यावर काहीतरी सुचून परत येत. चहा आमच्याही घरात जागोजागी अर्धा सापडायला लागला. शेवटी त्यांनी पेटीची एक बाजू काढूनच टाकली आणि समोर आईचा टेबलफॅन लावला.

‘माझा पंखा?’ आई म्हणाली.

‘दुसरा देतो मावशी. हा पात्यानं चांगला हाय.’

अण्णा हे सगळं बघत होते. आपल्यासाठी चाललंय एवढं त्यांना कळलं होतं. एकदा ते हात जोडून मोठ्यानं म्हणाले, ‘अहो, कशाला एवढी धावपळ? माझ्यासाठी काही नको.’ बहिऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो. मुश्ताकभाईंनी माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर ठसठशीत अक्षरात लिहून त्यांच्यासमोर धरलं: नको म्हणायचं काम माझं.

आणि एका सकाळी ते चाललं. कोणी मुद्दाम काही बोललं नाही. आई स्वयंपाकघरातून सहज म्हणाली, ‘पापलेट महाग झालं म्हणून सुरमई आणली, चालेल ना?’ तिचं तोंड मिटतंय तोवर अक्षरं पडद्यावर होती. अण्णा म्हणाले, ‘सुरमई? आणि मला न विचारता?’

आई दारात आली. हातात विळी होती की सुरी, आता आठवत नाही. ‘विचारायचं काय त्यात? खाताना तर बोटं चाटता.’

‘कधी चाटली?’

‘गेल्या रविवारी.’

‘ती रावस होती!’

असं ते चालू राहिलं. किती वर्षांनी ते दोघं भांडत होते, आणि वाक्याला वाक्य लागत होतं. मला उठून वाडीत जावंसं वाटलं पण गेले नाही, एकही शब्द चुकवायचा नव्हता. मुश्ताकभाई मशीनजवळ उकिडवे बसून कार्डाला हात लावून बघत होते. ‘तापत न्हाय,’ एवढंच म्हणाले. बिल त्यांनी रीतसर दिलं आणि पैसे रीतसर घेतले. आईला दुसरा पंखा मात्र स्वतःहून आणून दिला.

त्यानंतर ते काम नसतानाही यायला लागले. अण्णांना त्यांच्याशी बोलायचं असायचं, आणि अडचण अशी की मुश्ताकभाईंचं बोलणं त्या प्रोग्रामला अर्धंमुर्धंच समजायचं. ते फार भरभर बोलत, त्यात त्यांच्या घरची कोकणी, त्यात उर्दू. ते म्हणाले ‘अम्मांनी सांदणं पाठवलीत तुमच्यासाठी,’ तर पडद्यावर आलं, ‘आम्ही सांडणं पाठवली.’ अण्णा म्हणाले, ‘काय सांडलं?’ डबा उघडल्यावर उलगडा झाला. त्यांच्या आई, म्हणजे अम्मा, मुरुडला त्यांच्याबरोबर राहत. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण नारळाच्या दुधातली ती मऊ सांदणं येऊ लागली आणि त्या आम्हाला घरातल्या झाल्या.

मग मुश्ताकभाई हळू बोलायला शिकले. एक वाक्य बोलायचं, थांबायचं, पडद्याकडे बघायचं, बरोबर उमटलंय ना बघून पुढचं बोलायचं. त्यासाठी बसावं लागे. पाय हलायचा, पण ते बसत. बाजारातल्या कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. अण्णा त्यांना जुन्या गाड्यांच्या, घाटात अडकलेल्या वऱ्हाडाच्या गोष्टी सांगत, आणि हे त्यांना दुबईच्या सांगत. त्या ड्रायव्हरची गोष्टसुद्धा त्यांनी अण्णांना सांगितली. मी पलीकडे कामाचे कागद लावत होते, मला फक्त त्यांचा आवाज येत होता. ‘मी त्याला सांगितलं, काढून परत दे, मी मालकाशी बोलतो. तो म्हणाला, राहू दे, मुलीला सांगितलंय तुझं मशीन सगळ्यात भारी हाय.’

दुकानात त्यांचा शब्द बदलला. ‘नको’ गेलं नाही, ते बहुतेकांना अजूनही नकोच म्हणत आणि बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरच होतं. पण आधी विचारायला लागले. काय काम आहे असं नव्हे, ‘कोणासाठी?’ असं. गिऱ्हाईक सांगत असे आणि ते शेवटपर्यंत ऐकत. एकदा मी समोर होते. कॉलेजातल्या मुलासाठी महागडं कार्ड मागायला आलेल्या बापाला त्यांनी पुरं बोलू दिलं, मुलाला दोन प्रश्न विचारले, आणि मग म्हणाले, ‘नको.’ मला हसू आलं. त्यांनाही आलं.

पण दुकानाचे दिवस भरत आले होते. लोक फोनवरच सगळं करायला लागले, आणि ज्यांना मशीन हवं ते घरबसल्या मागवायला लागले. तिथं नको म्हणणारं कोणी नव्हतं. मुश्ताकभाई न्हावा शेवाकडे एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटर सांभाळायच्या नोकरीला लागले. उरणला खोली घेतली, सुट्टीला मुरुडला. जाण्याआधी आले, पेटीतला पंखा साफ केला, मला खोडरबर कसा फिरवायचा ते शिकवलं. अण्णांनी त्यांना विचारलं, ‘तिकडं बसायला मिळतं का?’ ते म्हणाले, ‘मिळतं. पण यार्ड केवढं मोठं हाय, अण्णा! एका मशीनकडून दुसऱ्याकडे जायला गाडी लागते.’ त्यांचे डोळे चमकत होते. इतकं सुखी मी त्यांना क्वचितच पाहिलं.

सुरुवातीला ते दर सुट्टीत यायचे. मग ड्यूट्या बदलल्या, येणं कमी झालं. फोन करायचे, मी तो माइकपाशी धरायची, अण्णा वाचायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या चुलतभावाचा मला फोन आला. सकाळी यार्डातच छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मुरुडला आणतायत, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर माती.

अण्णा पडद्यासमोर पेपर वाचत बसले होते. मला ते मोठ्यानं म्हणावं लागणार होतं. लिहून दाखवता आलं असतं, पण पेन सापडेना. मी माइकजवळ गेले.

‘मुश्ताकभाई गेले.’

अक्षरं लगेच उमटली. अण्णांनी मान वर करून वाचलं.

‘आता कुठं?’ त्यांनी विचारलं.

पडदा तसाच राहिला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पेपरची घडी घातली आणि आत जाऊन सदरा बदलून आले.

आम्ही रिक्षानं मुरुडला गेलो. माती झाल्यावर बाहेरची माणसं पांगायला लागली तेव्हा चुलतभावानं येऊन सांगितलं, अम्मा तुमच्या वडलांना आत बोलावतायत. पाठीत वाकलेल्या, पांढऱ्या ओढणीतल्या त्या बाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी अण्णांना बघितल्याबरोबर ओळखलं. ‘कंडक्टर मास्तर,’ म्हणाल्या, ‘तुमच्या गाडीनं मुंबईला गेलेले मी. याचा बाप बोटीवरून यायचा तेव्हा. हा मांडीवर होता. सारखा खिडकीबाहेर पडायला बघायचा.’

त्या बोलत राहिल्या. लहानपणी तो कसा जेवताना पळायचा, दुबईहून पहिल्यांदा आला तेव्हा काय आणलं, कालच फोनवर काय बोलला, गुडघ्याच्या गोळ्या घेतल्यास का म्हणून कसा ओरडला. मध्येच कोकणीत जात, मध्येच रडत, मध्येच थांबून परत पहिल्यापासून सांगत. अण्णा त्यांच्यासमोर स्टुलावर बसले होते. मी हळूच फोन काढला, तिथं नेट चांगलं होतं, अक्षरं मोठी केली आणि त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. हातानं तो खाली दाबला आणि अम्मांच्या तोंडाकडे बघत राहिले.

बाहेर दिवेलागण झाली तरी ते उठले नाहीत. अम्मांनी स्वतःच शेवटी ओढणीनं डोळे पुसले आणि हात वर करून त्यांना निरोप दिला.

परतताना रिक्षात मी फोनवर मोठ्या अक्षरात लिहून विचारलं, ‘काय म्हणाल्या ते कळलं?’

‘एक अक्षर कळलं नाही,’ अण्णा म्हणाले. ‘पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. कसा उठणार?’